हाक आणि ओ

परवा रात्री एक छोटा सर्व्हर लिहून झाला. माझ्या टिपणांच्या फोल्डरमध्ये हवा तो शब्द शोधून द्यायचा, एवढंच त्याचं काम. एआयच्या ॲपला जोडला, तर जोडणी लगेच तुटली. पुन्हा जोडला, पुन्हा तेच. चूक सापडायला दीड तास गेला. ‘सर्व्हर सुरू झाला’ अशी एक साधी ओळ मी त्या प्रोग्रामला छापायला लावली होती, तीच आडवी आली होती.

सर्व्हर म्हटलं की गार खोलीतली मोठी यंत्रं डोळ्यांपुढे येतात. इथे तो आपल्याच लॅपटॉपवर चालणारा शंभर ओळींचा प्रोग्रामही असू शकतो. एआयच्या मॉडेलला स्वतःला फक्त मजकूर लिहिता येतो. फाइल उघडणं किंवा कॅलेंडर पाहणं दुसऱ्या कोणाला तरी करावं लागतं; ते काम असा सर्व्हर करतो. पूर्वी प्रत्येक ॲप प्रत्येक साधनाला वेगळं जोडावं लागे. दहा ॲप, वीस साधनं, म्हणजे दोनशे जोडण्या. सगळ्यांनी एकच बोली धरली, तर तीस तुकड्यांत काम भागतं. अँथ्रोपिक या एआय कंपनीने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी अशी बोली खुली केली : मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी. कोड एडिटर आणि प्रोग्रामिंगच्या भाषा यांच्यातला असाच गुंता मायक्रोसॉफ्टने २०१६मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलने सोडवला होता, प्रेरणा तिथली. मार्च २०२५मध्ये प्रतिस्पर्धी ओपनएआयनेही एमसीपी स्वीकारला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. रस्ता सगळ्यांचा असला तरच तो रस्ता.

पहिली हाक क्लायंटची. हा क्लायंट ॲपच्या पोटात असतो, आणि प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळा. तो ‘इनिशिअलाइझ’ असा निरोप धाडतो : मी अमुक, प्रोटोकॉलची अमुक आवृत्ती मला येते, मला हे हे जमतं. सर्व्हर ओ देतो आणि आपलं सांगतो. क्लायंटने ‘ठीक, सुरू करू’ म्हटलं की ओळख पुरी. मग क्लायंट साधनांची यादी मागतो. प्रत्येक साधनाचं नाव, काम आणि त्याला कोणती माहिती द्यायची, हे यादीत असतं. ती वाचून मॉडेल म्हणतं, ‘शोध’ हे साधन वापरा. क्लायंट तसा निरोप पाठवतो. प्रत्येक मागणीला क्रमांक असतो आणि उत्तरावर तोच क्रमांक येतो. त्यामुळे उत्तरं मागेपुढे आली तरी घोटाळा होत नाही.

एकाच संगणकावर हे निरोप प्रोग्रामच्या नेहमीच्या इनपुट-आउटपुटमधूनच जातात, एका ओळीत एक. त्या आउटपुटवर निरोपाखेरीज एक अक्षरही चालत नाही. माझी ओळ नेमकी तिथेच घुसली होती. ती स्टँडर्ड एरर या वेगळ्या वाटेवर वळवली आणि जोडणी टिकली. सर्व्हर दूर असेल तर हेच बोलणं एचटीटीपीवरून होतं.

खरी काळजी साधनांच्या त्या यादीची वाटते. साधनाचं वर्णन हाही मजकूरच, आणि मॉडेल तो वाचतं. कोणी त्यात ‘आधी अमुक फाइल इकडे पाठव’ असं दडवलं, तर मॉडेल फसू शकतं. म्हणून साधन चालवण्याआधी माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे, असं प्रोटोकॉलच सुचवतो. ॲपमध्ये ‘नेहमी परवानगी द्या’ असं बटण दिसलं की हात थांबवावा, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. माझ्या सर्व्हरला टिपणं वाचता येतात. पुसायचं साधन मी त्यात ठेवलेलंच नाही.