डोंगरीच्या काळ्या दगडाची नवी गिऱ्हाइकं

तुमसर रोड–तिरोडी रेल्वेमार्गावरचं डोंगरी बुजुर्ग हे भंडारा जिल्ह्यातलं लहानसं स्थानक. गावाची ओळख मात्र मॅंगनीजच्या खुल्या खाणीची. इथल्या खाणींचा माल इंग्रजांच्या काळापासून पोलादाच्या भट्ट्यांसाठी परदेशी जात होता, आणि गिऱ्हाईक हे एकच. जागतिक मंदीत त्या भट्ट्या थंडावल्या, तेव्हा 1927 मध्ये दहा लाख टनांच्या वर गेलेलं भारताचं उत्पादन 1932 पर्यंत जेमतेम पाचव्या हिश्श्यावर आलं. दगड तोच होता, जमिनीतही तेवढाच होता. घेणारा उरला नव्हता.

ब्रिटिश कंपनीकडून या खाणी 1962 साली ‘मॉयल’ या कंपनीकडे आल्या. 1977 मध्ये ती पूर्ण सरकारी झाली, 2010 मध्ये तिचे शेअर बाजारात आले. मला महत्त्वाचं वाटतं ते डोंगरीत घडलेलं काम. इथल्या खनिजात मॅंगनीज डायऑक्साइड भरपूर असल्याने ते टॉर्च आणि रेडिओच्या साध्या सेलमध्ये चालायचं. पण जास्त टिकणाऱ्या अल्कलाइन सेलला नैसर्गिक खनिज पुरत नाही, त्याला फार शुद्ध माल लागतो. कच्चा दगड विकत बसलो तर हे गिऱ्हाईक हातचं जाणार, हे ओळखून मॉयलने खाणीपाशीच इलेक्ट्रोलिटिक मॅंगनीज डायऑक्साइडचा कारखाना उभारला, तोही देशी तंत्रज्ञानावर. खनिज भाजून गंधकाम्लात विरघळवायचं, लोखंड वगैरे काढून टाकायचं, मग द्रावणातून वीज सोडायची. इलेक्ट्रोडवर काळा थर धरतो. तो खरवडून बारीक दळला की सेलच्या कामाचा माल तयार. डोंगरीचंच खनिज मॅंगनस ऑक्साइडच्या रूपात खतांत आणि पशुखाद्यातही जातं.

पोलादात मंदी आली म्हणून गाई-म्हशींचं खाणं थांबत नाही. वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचा हा आधार 1932 मध्ये इथल्या माणसांना नव्हता.

तरीही मॉयल 2023-24 मध्ये साडेसतरा लाख टन खनिज काढत असताना हा कारखाना वर्षाला हजार-दीड हजार टनांचा, हे मला खटकतं. आता टॉर्च मोबाइलमध्ये शिरला आहे, आणि विजेवरच्या गाड्यांच्या काही लिथियम बॅटऱ्यांना शुद्ध मॅंगनीजच लागतं. त्या मालाची शुद्धता आणखी कडक असते. प्रयोगशाळा, यंत्रं, माणसांचं शिक्षण, सगळ्याला वर्षं लागतात. पोलादाला मागणी आहे, हातात पैसा आहे, तोवरच डोंगरीत ही गुंतवणूक व्हायला हवी.