मक्ता विजेचा, हक्क गावाचा

वीजवितरणाचा मक्ता खासगी कंपनीस द्यावा की देऊ नये, यावर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला आहे. परंतु ज्या गावात दिवे लागावयाचे, त्या गावाचे करारातील स्थान कोणते, हा त्याहून मूलभूत प्रश्न मात्र मागेच राहिला आहे.

२६ जानेवारी २००७ पासून भिवंडीतील वीजवितरण महावितरणने टोरेंट पॉवर या कंपनीकडे सोपविले. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे परवाना महावितरणचाच. कंपनीने ठरलेल्या दराने वीज घ्यावयाची, नियामक आयोगाच्या दराने ती ग्राहकांस द्यावयाची आणि गळती कमी करून नफा मिळवावयाचा, अशी ही फ्रॅन्चायझी पद्धत. भिवंडीत गळती घटली, हे मान्य केलेच पाहिजे. पण करार झाला तो महावितरण आणि कंपनी यांच्यात; महानगरपालिका त्यात पक्ष नव्हती. नळाने येणाऱ्या गॅसचीही तीच कथा. कंपनीची निवड दिल्लीचे नियामक मंडळ निविदेने करते. स्थानिक संस्थेच्या वाट्यास रस्ता खोदण्याची परवानगी देणे तेवढे येते.

हे असेच असले पाहिजे, असा काही सृष्टिनियम नाही. १९०५ मध्ये मुंबईत वीज आणि ट्राम यांच्या मक्त्याचा करार झाला, तेव्हा मुंबईची म्युनिसिपालिटी त्यातील एक पक्ष होती. पुढे तो व्यवसाय विकत घेण्याचा हक्कही तिने राखून ठेवला होता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी कंपनी म्युनिसिपालिटीच्या मालकीची झाली. तीच आजची 'बेस्ट'. उलट, नागपूरच्या तीन विभागांचा २०११ मध्ये दिलेला मक्ता २०१९ मध्ये संपून काम पुन्हा महावितरणकडे आले. मक्ता देताना वा तो संपताना, करारातील पक्ष या नात्याने नागपूर शहरास स्थान नव्हते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आज महावितरणच वीज पुरविते. मग ही चिंता आजच का? कारण अटी घालावयाच्या त्या सह्या होण्यापूर्वीच. कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज व पिंपळगाव जोगे जुन्नरात, तर डिंभे आंबेगावात. त्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्या वस्तीस आला. वीज रात्रीची असली की दारे धरावयास निघालेल्या शेतकऱ्यास जीव मुठीत घेऊनच उसाच्या कडेने जावे लागते. गळती आणि वसुली एवढीच कराराची मोजमापे ठरली, तर या शेतकऱ्यास हवी असलेली दिवसाची वीज कोणत्या रकान्यात मांडणार?

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, येथे कधी काळी असा मक्ता द्यावयाचाच झाला, तर जुन्नर नगरपालिका, मंचर नगरपंचायत आणि तालुक्यांतील ग्रामपंचायती यांच्या प्रतिनिधींना वाटाघाटीत प्रथमपासून स्थान असावे. शेतीस दिवसा वीज, बिघाड दुरुस्तीची मुदत व ती चुकल्यास दंड, खोदलेला रस्ता पूर्ववत करण्याची हमी आणि मुदतीआधी कंपनी निघून गेल्यास पुढील व्यवस्था, ही कलमे करारात असलीच पाहिजेत. पुणेकर वाचकांनीही हा परक्या मुलखाचा प्रश्न मानू नये. नारायणगावचा टोमॅटो पुण्याच्या मंडईत येतो. तो पिकविणाऱ्याच्या विजेचा करार कोणी आणि कोणत्या अटींवर करावा, हे विचारणे आपलेही कर्तव्य आहे.