घरी आणलं, आता पुढे?

शेतकरी आत्महत्येची बातमी लागली की आपण पटकन चॅनल बदलतो. ‘ते गावाकडचं!’ कॅनॉटच्या कॉफी टेबलवर हा विषय निघतच नाही. पण आपल्याच जिल्ह्यात त्यावर जे काम उभं राहिलं, त्यातली एक आयडिया सिडकोतल्या फ्लॅटमध्येही लागू पडते.

२०१५ मध्ये राज्य सरकारने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. फंडा साधा. पेशंट येईल म्हणून वाट बघायची नाही. आशाताईंनी घरोघरी जायचं, खचलेला माणूस ओळखायचा आणि त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. थोडक्यात, मदत उंबऱ्यापाशी.

पण शहरात दार बंद असतं. तिथे आशाताई आपणच! माझ्या एका मैत्रिणीच्या भावाला अशा प्रयत्नानंतर हॉस्पिटलमधून घरी आणलं, तेव्हा सगळ्यांनी हुश्श केलं. खरं तर डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडेच सर्वांत जोखमीचे. मग तिच्या घरच्यांनी डॉक्टरांना विचारून काही नियमच केले.

गोळ्यांची अख्खी पाकिटं कुलपात; रोजचा डोस आईच्या हातून. धोक्याच्या वस्तू घराबाहेर. हे फार किरकोळ वाटतं ना? श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या दोन दशकांत तिथला आत्महत्यांचा दर जवळपास ७० टक्क्यांनी उतरला. ती टोकाची लाट बऱ्याचदा थोडा वेळच टिकते. तेवढ्यात हाताशी काही नसलं, की माणूस वाचतो.

सोबतीला पाळ्या लावल्या, कारण जागणाऱ्यालाही झोप हवीच. आणि थेट विचारायचं, ‘मरणाचे विचार येतात का रे?’ विचारल्याने डोक्यात भलतं शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. लेक्चर मात्र नको!

उत्तर ‘हो, ठरवलंय’ असं आलं, तर घर पुरणार नाही. त्याला एकटं न सोडता थेट घाटी किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा. पोलिसांची भीती? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा तीव्र तणावात होता असंच मानायचं. शिक्षा नाही, उपचार द्यायचे.

रात्री काहीच सुचेना, तर १४४१६. ही ‘टेलिमानस’ हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. घरच्यांनीही बिनधास्त लावावी. पिझ्झावाल्याचा नंबर सेव्ह आहेच, त्याच्या शेजारी हाही असू द्या.