मोकळ्या वाटेनं पळणारा मेसेज

कागल सोडलं, दूधगंगेचा पूल मागे पडला, कोगनोळी जवळ आली, की खिशात टुंग वाजतं. कर्नाटकात तुमचं स्वागत असल्याचा मेसेज! गाडीतल्या कुणाचं हद्दीच्या पाटीकडे लक्षसुद्धा गेलेलं नसतं. मग पाहुणे आल्याचं कंपनीला सांगितलं कुणी?

तुमच्याच फोननं. खिशात गुपचूप पडलेला असतानाही तो आसपासच्या टॉवरांकडे कान लावून असतो. महाराष्ट्र-गोवा हे टेलिकॉमचं एक सर्कल, कर्नाटक दुसरं. पलीकडचा टॉवर धरला, की फोन तिथं वर्दी देतो आणि तिथलं एक्स्चेंज ती तुमच्या मूळ सर्कलच्या नोंदवहीत पोचवतं. या नोंदवहीचं नाव होम लोकेशन रजिस्टर. तुमचा नंबर सध्या कुठल्या एक्स्चेंजच्या हद्दीत आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. घर नाही, गल्ली नाही. तेवढ्यावर सगळा कारभार चालतो.

आता खरी गंमत. वर्दी देणं, ओळख पटवणं, कॉल येतोय म्हणून हाक मारणं ही कामं बोलण्याच्या वाटेवरून होत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी, अरुंद वाट असते, सिग्नलिंगची. आणि ती बराच वेळ रिकामी पडून असते! १९८०च्या दशकात युरोपातले इंजिनिअर जीएसएम ही मोबाइलची नवी पद्धत आखत होते. या रिकाम्या वेळात चार शब्द सहज धाडता येतील, हे त्यांनी हेरलं. कोल्हापुरात शिकणाऱ्या पोरांचे डबे गावाकडून एसटीनं यायचे, तसंच हे. एसटी काही डब्यासाठी सुटत नाही, ती जाणारच असते. ड्रायव्हरजवळ जागा असते, डबा जातो. फक्त तो लहान हवा.

किती लहान? १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. जुन्या जीएसएम फोनवर एका सेकंदाचं बोलणं पोचवायला १३,००० बिट लागायचे. म्हणजे अख्खा मेसेज सेकंदाच्या साधारण बाराव्या हिश्शात मावला. तेवढ्यात ‘हॅलो’तला ‘ह’सुद्धा धड उच्चारून होत नाही! इंग्रजीचं एक अक्षर ७ बिटांत बसवलं. ११२० भागिले ७, आले १६०. एवढ्यात माणसाचं म्हणणं मावेल का? जर्मनीतल्या फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ मध्ये बॉनला टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं बडवली आणि अक्षरं मोजली. जवळपास सगळी १६०च्या आत संपत होती.

३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या २२ वर्षांच्या इंजिनिअरनं कॉम्प्युटरवरून नाताळच्या शुभेच्छा धाडल्या. व्होडाफोनच्या रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर त्या उमटल्या. हा जगातला पहिला एसएमएस. जार्विस यांनी उत्तर दिलं नाही. देणार कसं? त्या फोनवर मेसेज लिहायची सोयच नव्हती!

बरं, मेसेज जातो कसा? कागलच्या गैबी चौकात दोन मित्र शेजारी-शेजारी बसलेत आणि एकानं दुसऱ्याला मेसेज केला असं समजा. तो हातभर अंतर काही थेट कापत नाही. टॉवरवरून तो आधी पाठवणाऱ्याच्या कंपनीच्या मेसेज सेंटरला जातो. (जुन्या फोनच्या सेटिंगमध्ये या सेंटरचा नंबर असायचा, चुकून पुसला, की मेसेज जाणं बंद!) सेंटर नोंदवहीला विचारतं, हा नंबर आत्ता कुठं आहे? उत्तर मिळतं, त्या हद्दीतले टॉवर हाक मारतात, एकच फोन ओ देतो. मेसेज त्याच्या हवाली होतो, त्याची पोच परत सेंटरला जाते, तेव्हा कुठं सेंटर सुटतं. आणि समोरच्याची बॅटरी उतरली असेल तर? सेंटर मेसेज सांभाळून ठेवतं आणि नोंदवहीत खूण पडते. फोन चालू झाला, की नोंदवहीच सेंटरला सांगते, आला बघ माणूस!

कोल्हापुरातल्या ऑगस्ट २०१९च्या महापुरासारख्या वेळी, कॉल लागत नसतानाही मेसेज पोचू शकतो तो यामुळेच. कॉलला त्याच घडीला मोकळी वाट लागते. मेसेज थांबू शकतो. टॉवर चालू असला, की संधी मिळताच सटकतो.

मात्र मराठीत लिहिणाऱ्याला हा डबा फारच लहान पडतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून १६०चे होतात ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची मोजणी वेगळी. ‘कोल्हापूर’ लिहा: क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र. झाले नऊ! १४४ बिट. हेच नाव इंग्रजीत ५६ बिटांत आटोपतं. त्याहून वरताण म्हणजे, शंभर अक्षरांच्या इंग्रजी मेसेजमध्ये एक ‘ळ’ घातला, तर अख्खा मेसेज १६ बिटांच्या हिशोबात जातो आणि त्याचे दोन तुकडे होतात. पलीकडचा फोन ते जोडून दाखवतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. एका ‘ळ’पायी दुसरा डबा! पुढे ७ बिटांच्या हिशोबात बसणारे हिंदी, कन्नड, गुजराती अशा भाषांचे तक्ते जागतिक मानकात आले. त्या यादीत मराठीच्या नावाचा तक्ता नाही. कोगनोळीच्या अलीकडच्यांना हे जरा खटकायलाच हवं.

आज फोर-जीवर मेसेज इंटरनेटच्या पद्धतीनं धावतो, पण माप तेच, १४० बाइट. उसाचं बिल, दुधाचं बिल, बँकेचा ओटीपी, सगळं त्यातूनच येतं. आणि सेंटरमध्ये मेसेज कुलूपबंद नसतो, हेही माहीत असू द्या.

शिवाय बिलाच्या नावाखाली फसवे मेसेजही येतात, म्हणून पाठवणाऱ्याचं नाव नीट पाहत चला. त्याच्या शेवटी पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. बिल जमा झाल्याचा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला आणि खाली लिंक असली, तर ती दाबू नका. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.