गड खोदून सोनं सापडतं?

२०२५च्या मार्चमध्ये ‘छावा’ चित्रपट गाजत असताना मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडालगतच्या शेतांत रात्री माणसांची झुंबड उडाली. हातात टॉर्च, कुदळी आणि मेटल डिटेक्टर. पडद्यावर बुऱ्हाणपूरचा मुघल खजिना पाहिला, म्हणजे उरलेला शेतात असणारच, असा सगळा हिशोब. माणगावकरांनी या बातमीला हसण्याआधी आपल्या निजामपूर रस्त्याकडे बघावं. त्या बाजूला मानगड, पुढे रायगड. दुसऱ्या अंगाला तळ्याकडे कुडा लेणी. गुप्तधनाच्या गोष्टी आपल्याकडेही काही कमी नाहीत. पूर्वी त्यासाठी पायाळू माणूस शोधत, आता ऑनलाइन यंत्र मागवतात.

‘गडावर अजून खजिना पुरलेला आहे’

रायगड १६८९मध्ये मुघलांनी घेतला, पुढे तो सिद्दीकडे गेला, पेशवाईत परत आला आणि मे १८१८मध्ये इंग्रजांनी तोफा डागून जिंकला. तेव्हा पडक्या वाड्यांच्या ढिगाऱ्यातून सुमारे पाच लाखांची नाणी निघाल्याची नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आहे. इतक्या हातांतून गेलेल्या गडावर कोणी हंडा आपल्यासाठी राखून ठेवला असेल, हे मानायला फार मोठं मन लागतं.

‘यंत्र सोनं दाखवतं’

यंत्र फक्त धातू दाखवतं. त्यातल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, जमिनीतल्या धातूमुळे ते बदलतं आणि यंत्र वाजतं. सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांतला फरक त्याला बऱ्याचदा कळत नाही. साध्या यंत्राची धाव नाण्याएवढ्या वस्तूसाठी वीत-दीड वीत खोल. त्यात कोकणचा जांभा लोहाने भरलेला, तिथे ते उगाचच कुरकुरत राहतं. नाणं मिळालंच, तर ते बहुधा तांब्याची शिवराई असतं. शिवराया मोठ्या संख्येने पाडल्या गेल्या आणि इंग्रजी अमलातही चालत राहिल्या. शिवकालीन सोन्याचा होन मात्र अतिशय दुर्मीळ.

‘वस्तू मातीत कुजण्यापेक्षा उचलली तर वाचेल’

हा गैरसमज सगळ्यांत सज्जन, आणि म्हणूनच सगळ्यांत नुकसानीचा.

१९७४ साली आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी दायमाबादला झाडाची मुळं खणताना एका गावकऱ्याला चार धातुशिल्पं मिळाली: बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, रेडा, हत्ती, गेंडा. वजन मिळून साठ किलोंच्या वर. ती सरकारकडे पोहोचली, आज संग्रहालयांत आहेत. त्या माणसाचा काही दोष नाही. पण ती कोणत्या थरात होती, शेजारी कोणती खापरं होती, हे कोणी टिपून ठेवलेलं नव्हतं. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे रीतसर उत्खनन केलं, तरी वाद मिटला नाही. काही अभ्यासक ही शिल्पं उत्तर-हडप्पा काळातली मानतात, तर काही धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्यावर शंका घेतात. इतकी मोठी वस्तू हाती असून तिचं वय पक्कं सांगता येत नाही.

हे नकळत झालं. डिटेक्टरवाला तेच ठरवून, रात्रीत वीस खड्डे पाडून करतो. नाणं खिशात टाकतो, गंजका खिळा फेकून देतो. तो खिळा कदाचित नाण्यापेक्षा जास्त बोलला असता. कुड्याच्या एका शिलालेखात लेणं दान देणारा कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. सह्याद्रीपलीकडचा हा माणूस खाडीकाठी कशासाठी येत होता, याचं उत्तर सोन्यात मिळणार नाही. मिळालंच तर अशा गंजक्या तुकड्यांत आणि ते पडले होते त्या मातीत मिळेल.

पुरातत्त्वज्ञही मेटल डिटेक्टर वापरतात, विशेषतः जुन्या रणभूमींवर. फरक इतकाच की ते प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर मांडतात.

‘इंग्लंडमध्ये तर सर्रास चालतं’

चालतं, पण जमीनमालकाच्या परवानगीने, आणि संरक्षित स्थळं वगळून. तिथे १९९६चा खजिन्याचा कायदा आहे आणि सापडलेल्या वस्तू नोंदवणारी सरकारमान्य व्यवस्था आहे. २००९मध्ये स्टॅफर्डशायरला शेतात सापडलेल्या सोन्याची किंमत सुमारे ३३ लाख पौंड ठरली. शोधणारा आणि शेतमालक यांनी ती वाटून घेतली. यूट्यूबवर हे सोनं दिसतं, त्यामागची कागदपत्रं दिसत नाहीत. परवानगीशिवाय रात्री शेतं उकरणारे तिथेही गुन्हेगारच ठरतात.

‘माझ्या शेतात सापडलं, ते माझं’

१८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचं पुरलेलं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते, शिवाय हिस्साही जातो. कळवलं आणि जुना मालक पुढे आला नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन हिस्से शोधणाऱ्याला, एक जमीनमालकाला. सरकारने वस्तू ठेवून घेतली, तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश जास्त मिळतो. परस्पर सराफाला विकण्यापेक्षा हा व्यवहार वाईट नाही.

रायगड आणि कुडा लेणी केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८च्या स्मारक कायद्यानुसार तिथे परवानगीशिवाय खोदणं हाच गुन्हा, हाती काही लागो न लागो. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

नांगराला किंवा जेसीबीला काही लागलं, तर काम तिथेच थांबवावं. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये. जागेवरच फोटो काढावा आणि तलाठ्याला किंवा तहसील कार्यालयाला कळवावं.