दाखवणाऱ्या माणसाची शंभर वर्षं

1930 साली सालिम अली जर्मनीहून मुंबईला परतले, तेव्हा त्यांची नोकरी उरलेली नव्हती. तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात ते 1926 पासून मार्गदर्शक-व्याख्याते होते. काचेच्या कपाटांत मांडलेले पक्षी-प्राणी शाळेच्या मुलांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगायचे, हे त्यांचं काम. 1928 मध्ये ते पक्षिशास्त्र शिकायला बर्लिनला गेले आणि परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ते पदच बंद झालेलं. मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले, तिथं सुगरणीची घरटी न्याहाळत बसले, आणि नर अर्धवट घरटं विणून माद्यांना दाखवतो, एकीनं पसंत केलं की ते पुरं करून पुढच्या घरट्याला लागतो, हे त्यांनी जगासमोर आणलं. पक्षिशास्त्राचा फायदाच झाला. पण मुलांना निसर्ग दाखवणारा पगारी माणूस ही कल्पना आपल्याकडे पहिल्या चार वर्षांतच गुंडाळली गेली.

त्या नेमणुकीला 2026 मध्ये शंभर वर्षं होतात. या शंभर वर्षांत कपाटं मागे पडली, मुलं उघड्यावर आली, तंबू आले, दुर्बिणी आल्या. दाखवणारा माणूस मात्र बहुतेक वेळा हंगामापुरताच राहिला. वाईच्या खोऱ्यात हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल, कारण उघड्यावरची शाळा भरवायला इतकी सोयीची जागा महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही.

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि पुढं महाबळेश्वर, हा रस्ता जेमतेम बत्तीस किलोमीटरचा. महाबळेश्वरला वर्षाला साधारण सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, वाईत हजारसुद्धा पुरा होत नाही. खाली ऊस, हळद, बाभळी; वर जांभूळ, हिरडा, अंजनी आणि शेवाळानं भरलेल्या फांद्या. भूगोलाच्या पुस्तकातला पर्जन्यछायेचा धडा इथं एका सकाळीत एसटीच्या खिडकीतून वाचता येतो. चांगला मार्गदर्शक या रस्त्यावर फारसं बोलत नाही. घाटाच्या पायथ्याशी एकदा, पाचगणीत एकदा आणि महाबळेश्वरात एकदा तो मुलांना खाली उतरवतो, भोवतालची झाडं बघायला सांगतो आणि काय बदललं ते त्यांनाच विचारतो.

सह्याद्रीच्या पायऱ्या म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. पाचगणीच्या टेबललँडवर जांभा दगड. त्याच्या भोकांत बोट घालून बघितल्याशिवाय पाणी दगडात कसं मुरतं ते कळत नाही. कमळगडावर कावेची विहीर आहे. कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी आत उतरलं की दोन्ही बाजूंना लालभडक गेरू, आणि वर येताना तळवे, बोटं, कपडे सगळं रंगलेलं. लोहाचा गंज मातीला रंग देतो, हे वाक्य पाठ करणारी मुलं पुष्कळ असतात. तो गंज शर्टाला लावून घरी नेणाऱ्या मुलाला ते पाठ करावं लागत नाही.

मुलांच्या निसर्गशिबिरांना महाराष्ट्रात आकार आला तो साधारण सत्तरच्या दशकापासून. 1883 मध्ये स्थापन झालेली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होतीच. 1969 मध्ये भारतात डब्ल्यूडब्ल्यूएफ सुरू झाली आणि शाळा-कॉलेजांत निसर्ग मंडळं निघू लागली. सत्तरच्या दशकातच शास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहीत होते. शिबिरांना त्यातून एक मोठा विषय मिळाला. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नियम खेड्यातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होता. शहरातल्या मुलांना तो शिबिरात पहिल्यांदा ऐकू आला. दाखवणारे बहुतेक हौशी होते. बँकेतले, शाळेतले, कारखान्यातले. शनिवारी संध्याकाळी गाडी पकडायची, रविवारी रात्री परत. त्यांच्यातूनच पूर्णवेळ याच कामाला वाहून घेणारे थोडे लोक निघाले. पुण्याचे किरण पुरंदरे त्यांतलं ठळक नाव. त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना रानात नेलं, पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढून त्यांना ऐकायला शिकवलं आणि नागझिऱ्यात चारशे दिवस राहून ‘सखा नागझिरा’ लिहिलं.

सांगली जिल्ह्यात याच सुमाराला वेगळंच काम चाललं होतं. धों. म. मोहिते यांनी सागरेश्वरच्या उघड्या डोंगरावर लोकांना हाताशी धरून झाडं उभी केली आणि 1985 मध्ये तिथं अभयारण्य झालं. माणसानं उभं केलेलं जंगल मुलांना दाखवायचं असेल तर तिथंच न्यायला हवं.

मग 1991 आलं. सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा शिक्षणाचा भाग करा असा आदेश दिला, 2003 मध्ये पुन्हा बजावलं आणि विषय सक्तीचा झाला. पुस्तक आलं, प्रकल्पाची वही आली, गुण आले. शाळाशाळांत राष्ट्रीय हरित सेनाही निघाली. हे सगळं हवंच होतं. पण मुलांना वर्गाबाहेर नेऊन दाखवणाऱ्या माणसाची जागा त्यात कुठे नव्हती. प्रकल्पाच्या वह्यांत कात्रणं चिकटवली गेली आणि शाळेच्या कुंपणावरचा वेडा राघू कुणी ओळखलाच नाही. या सबंध मागोव्यात सर्वांत मोठी चूक कोणती, तर ही.

शिबिरात या दाखवणाऱ्या माणसाला तज्ज्ञ, सर असं कुणी म्हणत नाही. तो दादा असतो, ती ताई असते. त्यांचा दिवस मुलांच्या आधी सुरू होतो. आदल्या संध्याकाळी वाट चालून बघायची, आग्या मोहोळ कुठल्या कड्याला लागलंय ते हेरायचं, कारण गडावर एखाद्यानं दगड भिरकावला किंवा चूल पेटवली तर मुलांना खाली आणणं कठीण होतं. अत्तर लावू नका, भडक कपडे घालू नका, हे आधीच सांगायचं. सकाळी मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यामागं कृष्णेकाठी मुलांना बसवायचं आणि दहा मिनिटं गप्प राहायला लावायचं. पहिली तीन मिनिटं चुळबुळ असते. पाचव्या मिनिटाला कुणीतरी धोबी पक्ष्याची शेपटी वरखाली होताना बघतं. मग खंड्या, मग भारद्वाजाचा घुमणारा हुंकार. नाव सांगायची घाई करायची नाही. आधी रंग, चोच, चाल मुलांनी सांगायची.

नावाचा विषय निघालाच आहे तर वाईची एक ठेव सांगायला हवी. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच गावात बसून केलं. 1976 मध्ये पहिला खंड निघाला. वनस्पती आणि प्राण्यांच्या कितीतरी नोंदी त्या खंडांत मराठी नावांनिशी आहेत. शिबिरातल्या ताईनं इंग्रजी नाव सांगून मोकळं व्हावं असं या गावात तरी कारण नाही.

वैराटगडाच्या पायथ्याशी म्हसव्याचा जुना वड आहे. जुन्या सातारा गॅझेटियरनं ज्याची दखल घेतली असा हा वड. पारंब्यांची खोडं झाली आणि मूळ खोड कोणतं ते विचारावं लागतं. तिथं वडाचं फळ फोडून दाखवलं की मुलं थबकतात, कारण फुलं फळाच्या आत असतात. त्यांचं परागीभवन करणारी इवलीशी गांधीलमाशी त्याच फळात जन्मते आणि वडाची माशी वडाचीच, उंबराची उंबराचीच. पुस्तकातलं परस्परावलंबन इथं तळहातावर ठेवता येतं.

कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांतून एकदा सबंध डोंगरभर फुलतं आणि मरून जातं. म्हणजे दहाव्या वर्षी शिबिरात येऊन कारवी फुललेली पाहणारं मूल पुढच्या फुलोऱ्याला कॉलेजात असतं, त्यापुढच्या फुलोऱ्याला पंचविशीत. त्या तिसऱ्या फुलोऱ्याला ते दुसऱ्या मुलांना घेऊन आलं, तर शिबिर फळलं असं म्हणायचं. पण मधल्या पंधरा वर्षांत त्याला पोट भरेल अशी वाट दिसली पाहिजे.

ती वाट थोडी दिसू लागली ती गेल्या पंधरा-वीस वर्षांत, आणि शहरातून नव्हे तर गावांतून. 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कासचं पठार होतं. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांनी हंगामाचं काम अंगावर घेतलं. प्रवेश शुल्कातून गावच्या पोरांना रोजगार मिळाला आणि पठारावर वायतुरा, सीतेची आसवं, तेरडा, गेंद दाखवणारी माणसं तिथलीच झाली. वायतुऱ्याला शास्त्रीय नाव 1982 मध्ये मिळालं, त्यात साताऱ्याचं नाव आहे. ज्यांच्या गुरांनी पिढ्यान्‌पिढ्या ही पठारं चरली, त्यांनीच आता पाऊल कुठं ठेवायचं ते सांगावं, यापेक्षा योग्य काय असेल? महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं. तिथं सातेरीची पेटी उघडून दाखवणारा शेतकरीही याच परंपरेतला.

कोरोनाच्या दोन वर्षांत शिबिरं बंद पडली. त्याच काळात, 2021 मध्ये, राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं आणि दोर, उंची, पाणी यांच्या सुरक्षिततेचे नियम ठरले. ते आवश्यकच. मात्र कितीतरी शिबिरांच्या जाहिरातींत आता दोरावरून झोके घेणं आधी येतं, आणि पक्षी बघणं वेळ उरला तर. दोर धरणाऱ्याला प्रशिक्षण लागतं हे सर्वांना पटलं आहे. पानं ओळखायला शिकवणाऱ्यालाही ते लागतं, हे पटायचं बाकी आहे.

आणखी एक गोष्ट खुपते. ज्यांना फी परवडते त्यांची मुलं बसनं येऊन वाईच्या डोंगरात तीन दिवस राहतात. त्याच डोंगराखालच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना हा डोंगर कुणी मुद्दाम दाखवलेला नसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागला की तो बघायला आणि विझवायला मात्र तीच मुलं धावतात.

राज्य सरकारनं 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. पहिला दिवस निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. चितमपल्ली 2025 च्या जूनमध्ये गेले. वाई तालुक्यातल्या शिक्षकांना विनंती एवढीच, की या सप्ताहात एका सकाळी, सुट्टी असली तरी, वर्गातली वीस मुलं घ्यावीत, गावातला एखादा गुराखी किंवा कोळी सोबत घ्यावा आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. दुर्बीण नसली तरी चालेल. मेणवलीचा घाट वाईपासून तीन किलोमीटरवर आहे.