जैत रे जैत

मराठी चित्रपट (१९७७). गो. नी. दांडेकर यांच्या याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला असून त्याचे दिग्दर्शन जब्बार पटेल यांनी व निर्मिती उषा मंगेशकर यांनी केली. ना. धों. महानोर यांची गीते व हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत त्यास लाभले. ‘जैत’ म्हणजे विजय. रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यात पनवेलच्या दक्षिणेस असलेल्या कर्नाळा किल्ल्याचा सुळका आणि त्याच्या परिसरातील ठाकर या आदिवासी जमातीचे जीवन ही कथेची पार्श्वभूमी होय.

भगताचा मुलगा नाग्या (मोहन आगाशे) हा पुण्यवंत होण्याची आस बाळगणारा ढोलवादक. राणीमाशी त्याच्या डोळ्याला डंख करते, तेव्हा त्याची श्रद्धा ढळते व डोंगरकड्यावरील पोळी उतरविण्याचा तो निश्चय करतो. चिंधी (स्मिता पाटील) आपल्या नाकर्त्या नवऱ्यापासून जमातीच्या रीतीप्रमाणे पैसे देऊन मोकळी होते व नाग्याशी संसार थाटते. त्याच्या प्रतिज्ञेत ती बरोबरीने उतरते. अखेरीस पोळी उतरतात. पण माश्यांच्या दंशाने चिंधीचा मृत्यू होतो. त्यामुळे शीर्षकातील विजयघोषास शोकाची छटा येते.

ही प्रेमकथा केवळ दोघांची राहत नाही. वाडीची श्रद्धा, रूढी व निवाडे तिला आकार देतात. त्यामुळे दुय्यम भूमिकांना येथे विशेष महत्त्व आहे. त्यांसाठी निळू फुले (१९३०–२००९) व सुलभा देशपांडे (१९३७–२०१६) यांसारखे रंगभूमीवर मुरलेले कलावंत लाभले. फुले लोकनाट्यातून पुढे आले व *एक गाव बारा भानगडी* (१९६८) या चित्रपटाने रुपेरी पडद्यावर आले. देशपांडे यांचा *शांतता! कोर्ट चालू आहे* या नाटकातील अभिनय गाजला. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांत त्या होत्या. लोकनाट्य आणि प्रायोगिक रंगभूमी अशा दोन भिन्न परंपरा या चित्रपटात एकत्र आल्या. रवींद्र साठे व चंद्रकांत काळे यांच्या स्वरांतील गीतेही अशीच साहाय्यक पात्रांसारखी वावरतात. प्राचीन नाटकांतील वृंदाप्रमाणे ती कथानक पुढे नेतात.

ग्रामीण प्रणयपटात शेजारी व वडीलधारी मंडळी पुष्कळदा विनोदापुरती किंवा विरोधापुरती येतात. येथे मात्र समाज हाच तिसरा नायक ठरतो. म्हणूनच चिंधीने स्वतः निवडलेल्या जोडीदारासाठी मोजलेली किंमत प्रेक्षकाला एका स्त्रीची आणि एका जमातीचीही वाटते.